मुलांचा ताबा, पालकत्व आणि मुलांच्या नावावरची जमीन: कायदा कोणाच्या बाजूने उभा राहतो?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एक भगिनी दीड वर्षापासून पतीपासून वेगळ्या राहत आहेत. त्यांचा ४ वर्षांचा मुलगा त्यांच्याजवळ आहे, तर १२ वर्षांची मुलगी दुसऱ्या जिल्ह्यात, सासरी, वडील आणि आजी-आजोबांजवळ आहे. घटस्फोटाचा अर्ज अद्याप कोणीही केलेला नाही. मुलगा ५ वर्षांचा झाला की त्याचा ताबा आपोआप वडिलांकडे जातो, असे त्यांना सासरकडून वारंवार सांगितले जात आहे. शिवाय आजोबांनी आपली स्वकष्टार्जित शेतजमीन काही वर्षांपूर्वी नोंदणीकृत बक्षीसपत्राने दोन्ही नातवंडांना दिली होती. तीच जमीन आता पती ‘मुलांचा नैसर्गिक पालक’ या नात्याने विकण्याच्या तयारीत आहेत. या सगळ्यात आईचे कायदेशीर अधिकार कोणते, असे त्यांनी विचारले आहे.

कौटुंबिक आणि दिवाणी न्यायालयांत अशी प्रकरणे दीर्घकाळ चालवल्यानंतर मला प्रथम एक गोष्ट सांगावीशी वाटते. आईचा अधिकार मोठा की वडिलांचा, या वादात न्यायालयाला फारसा रस नसतो. मूल ही कोणाची मालमत्ता नाही आणि खेळणेही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने रोझी जेकब प्रकरणात १९७३ सालीच स्पष्ट केले आहे. तेव्हापासून ताब्याचा प्रत्येक निर्णय मुलाच्या हिताच्या कसोटीवर घासून पाहिला जातो. आपण अर्ज लिहाल तेव्हा ‘माझ्यावर झालेला अन्याय’ यापेक्षा ‘मुलांची आजची स्थिती आणि त्यांची गरज’ यांना अधिक जागा द्यावी, अशी माझी पहिली विनंती आहे.

आता शब्दांचा खुलासा करतो, कारण निम्मा गोंधळ शब्दांमुळेच होतो. १८ वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला कायद्याच्या मराठीत ‘अज्ञान’ म्हणतात. त्यात बुद्धीविषयी काही सुचवायचे नसते. सज्ञानतेचे वय १८७५ च्या भारतीय सज्ञानता अधिनियमाने ठरते. ज्या मुलाचा पालक न्यायालयाने नेमला असेल त्याच्यासाठी पूर्वी हे वय २१ होते, पण १९९९ च्या दुरुस्तीनंतर सर्वांसाठी ते १८ वर्षेच आहे. ‘ताबा’ म्हणजे मूल प्रत्यक्ष कोणाजवळ राहते आणि त्याचा रोजचा सांभाळ कोण करते. ‘पालकत्व’ ही त्याहून व्यापक कायदेशीर जबाबदारी आहे; तिच्यात मुलाच्या वतीने सही करणे, मालमत्तेची देखभाल करणे आणि शिक्षण किंवा उपचारांचे निर्णय घेणे येते. एकाकडे पालकत्व आणि दुसऱ्याकडे ताबा, अशी स्थिती कायद्याला पूर्णपणे मान्य आहे आणि व्यवहारात ती नेहमी आढळते. म्हणूनच ‘वडील नैसर्गिक पालक आहेत’ या एका वाक्याने ताब्याचा प्रश्न सुटत नाही.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक म्हणून प्रथम वडिलांचा आणि ‘त्यांच्यानंतर’ आईचा उल्लेख आहे. या ‘नंतर’चा अर्थ अनेक वर्षे ‘वडिलांच्या मृत्यूनंतर’ असाच घेतला जात होता. १९९९ साली गीता हरिहरन विरुद्ध रिझर्व्ह बँक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो बदलला. मुलाच्या नावे रोखे घेताना आईने पालक म्हणून केलेली सही स्वीकारली गेली नव्हती, त्यातून तो खटला उभा राहिला. ‘नंतर’ म्हणजे ‘वडिलांच्या अनुपस्थितीत’ असे न्यायालयाने ठरवले. वडील मुलाकडे पूर्ण दुर्लक्ष करत असतील, परस्पर समजुतीने सर्व जबाबदारी आईकडे असेल, किंवा दूर राहिल्यामुळे अथवा आजारपणामुळे वडील काळजी घेऊ शकत नसतील, तर त्यांच्या हयातीतही आई नैसर्गिक पालक म्हणून काम करू शकते. आपला मुलगा दीड वर्ष पूर्णपणे आपल्याजवळ आहे. त्याच्या वडिलांनी या काळात त्याची विचारपूस किंवा खर्च केला नसेल, तर हा निकाल आपल्या उपयोगाचा आहे. विवाहबाह्य संबंधातून जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत तर याच कलमाने प्रथम आईलाच पालक मानले आहे.

आता ५ वर्षांच्या प्रश्नाकडे येतो, कारण आपल्या मनातील भीती मुख्यत्वे तीच आहे. कलम ६ मध्ये असे म्हटले आहे की, ५ वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा ‘सर्वसाधारणपणे’ आईकडे असावा. एवढेच. पाचव्या वाढदिवसाला ताबा वडिलांकडे जातो, असे त्या कलमात कोठेही लिहिलेले नाही आणि कोणत्याही न्यायालयाने तसा अर्थ काढलेला नाही. ५ वर्षांपर्यंत कायदा आईच्या बाजूने झुकलेला असतो. त्यानंतर तो झुकाव संपतो आणि दोन्ही पालक हिताच्या एकाच कसोटीवर येतात. त्याच अधिनियमाचे कलम १३ मुलाचे हित सर्वोपरी मानते, आणि वडिलांचे नैसर्गिक पालकत्वही त्या हितापुढे गौण ठरते. वर्षानुवर्षे आईजवळ स्थिरावलेले, शाळेत रुळलेले मूल केवळ वय वाढले म्हणून उचलून दुसरीकडे नेण्यास न्यायाधीश सहसा तयार होत नाहीत. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण तीच आपल्या मुलीला लागू पडते. मूल ज्याच्याजवळ जितका अधिक काळ राहते तितकी त्याची बाजू बळकट होत जाते. ‘आज ना उद्या समेट होईल’ या आशेवर दोन-तीन वर्षे गप्प राहिलेल्या माता माझ्याकडे येतात, तेव्हा मूल शाळा, मित्र आणि घर यांत इतके रुजलेले असते की न्यायालयाला बदलाचे कारण पटवणे कठीण होऊन बसते. समेटाचे प्रयत्न अवश्य चालू ठेवा; मात्र मुलीच्या भेटीसाठी आणि ताब्यासाठीचा अर्ज त्यासाठी थांबवू नका.

मुलीचे वय १२ असल्याने तिचे म्हणणे महत्त्वाचे ठरेल. पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम १७ नुसार, मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मोठे असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकते. न्यायाधीश बहुधा मुलाला आपल्या दालनात बोलावून, आईवडील आणि वकील यांना बाहेर ठेवून बोलतात. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशकही मुलाशी स्वतंत्रपणे बोलतात आणि अहवाल देतात. तरीही मुलाची इच्छा हा अंतिम शब्द नसतो. ती पढवलेली आहे का, आमिषाने किंवा भीतीने बोलवली गेली आहे का, हे अनुभवी न्यायाधीशाला दोन-चार प्रश्नांत समजते. म्हणून मी कळकळीने सांगतो की, भेटीच्या वेळी मुलीला वडिलांविरुद्ध काय सांगायचे ते शिकवू नका, आणि आजी-आजोबांविषयी तिच्यासमोर कटू बोलू नका. तिच्या मनावर होणारा आघात ही यातील सर्वांत गंभीर गोष्ट आहे. शिवाय ज्या पालकाने मुलाचे मन दुसऱ्याविरुद्ध कलुषित केले असे न्यायालयाला वाटते, त्या पालकाची बाजू तेथेच कमकुवत होते. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावे, या विचाराचा आधार मात्र आपण अर्जात निःसंकोच घ्यावा.

आपल्याला नोकरी नसली, तरी त्यामुळे आपण हराल असे मानू नका. आर्थिक सुबत्ता हा विचारात घेण्याचा एक मुद्दा आहे, निर्णायक मुद्दा नव्हे. ज्या वडिलांकडे पैसा आहे त्यांना मुलाचा खर्च द्यायला लावून ताबा आईकडे ठेवता येतो. पुनर्विवाहाबाबतही अशीच चुकीची समजूत आहे. आईने पुन्हा लग्न केले एवढ्यावरून तिचा ताबा नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या लेखा विरुद्ध पी. अनिल कुमार या निकालात सांगितले आहे. याउलट, ताबा मागणाऱ्या पालकाचे वर्तन, घरातील हिंसाचार किंवा त्याच्यावरील गंभीर फौजदारी आरोप यांकडे न्यायालयाने डोळेझाक करू नये, हे निलरतन कुंडू प्रकरणात २००८ साली ठरले.

अर्ज कोठे करावा, हा भाग तांत्रिक असला तरी येथे चूक झाल्यास वर्ष वाया जाते. १८९० च्या अधिनियमाच्या कलम ९ प्रमाणे, मुलाच्या व्यक्तिगत पालकत्वाचा आणि ताब्याचा अर्ज ते मूल ‘सामान्यतः जेथे राहते’ तेथील न्यायालयात करावा लागतो. मुलगा आपल्याजवळ आहे, म्हणून त्याच्याविषयीचा अर्ज आपल्या जिल्ह्यात चालेल. मुलगी दीड वर्ष दुसऱ्या जिल्ह्यात शाळेत जात असेल, तर तिच्याविषयीचा अर्ज त्या जिल्ह्यात करणे सुरक्षित होय. तेथे कौटुंबिक न्यायालय असेल तर त्याच्याकडे, अन्यथा जिल्हा न्यायालयाकडे. पुढे विवाहविषयक दावा दाखल झाला, तर हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २६ खाली त्याच दाव्यात मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यांविषयी आदेश मागता येतात. आपल्याला कौटुंबिक हिंसाचार सोसावा लागला असेल, तर २००५ च्या कायद्यातील कलम २१ खाली दंडाधिकारीही मुलांचा तात्पुरता ताबा आपल्याला देऊ शकतात. हा मार्ग अनेकदा अधिक जलद ठरतो. धर्मानुसार व्यक्तिगत कायदा बदलतो. उदाहरणार्थ, मुस्लिम कायद्याच्या हनफी परंपरेत मुलगा ७ वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत सांभाळाचा हक्क, म्हणजे हिजानत, आईकडे असतो. परंतु तेथेही न्यायालय मुलाचे हितच शेवटी पाहते.

पोलीस ठाण्यात तक्रार देऊन मुलगी आणता येईल का, असे अनेक जण विचारतात. वडील स्वतः नैसर्गिक पालक असल्यामुळे, न्यायालयाचा विरुद्ध आदेश नसताना त्यांनी मूल आपल्याजवळ ठेवणे हे साधारणतः अपहरण ठरत नाही, आणि पोलीस ताब्याचा वाद सोडवू शकत नाहीत. उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पस याचिका, म्हणजे बेकायदा अडवून ठेवलेल्या व्यक्तीला न्यायालयासमोर हजर करावे अशी मागणी, करता येते. २०१९ च्या तेजस्विनी गौड प्रकरणात मुलाला कायदेशीर अधिकार नसलेल्या व्यक्तीने अडवून ठेवले असेल तर ती चालू शकते, हे मान्य झाले. पण त्याच निकालात नेहमीचा मार्ग पालकत्वाच्या अर्जाचाच आहे, हेही सांगितले आहे. आपल्या मुलीजवळ वडील स्वतः आहेत, म्हणून मी आपल्याला या याचिकेचा सल्ला देणार नाही.

ताब्याच्या मुख्य अर्जासोबतच अंतरिम भेटीचा अर्ज पहिल्याच दिवशी द्यावा. यशिता साहू विरुद्ध राजस्थान राज्य या २०२० च्या निकालात, ज्या पालकाजवळ मूल नाही त्याला भेटीबरोबरच फोन आणि व्हिडिओ कॉलवर नियमित बोलण्याची सोय मिळावी, यावर सर्वोच्च न्यायालयाने भर दिला आहे. भेटीचा दिवस, वेळ, जागा, सुट्ट्यांची वाटणी आणि शाळेच्या प्रगतिपुस्तकाची प्रत हे सर्व अर्जात नेमके लिहा. ‘वेळोवेळी भेट मिळावी’ अशा मोघम मागणीवर मिळालेला आदेश अमलात आणताना नवे भांडण उभे राहते. त्याच न्यायाने आपणही मुलाची वडिलांशी भेट अडवू नये. ताब्याचा कोणताही आदेश कायमचा नसतो, परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो. आणि भेट नाकारणे हे तसा बदल मागण्याचे अगदी पहिले कारण ठरते.

आता जमिनीविषयी. येथे वेळ फार कमी असू शकतो. आजोबांनी स्वकष्टार्जित जमीन बक्षीसपत्राने नातवंडांना दिली असल्याने, दस्तात वेगळे काही लिहिलेले नसेल तर ती मुलांची स्वतंत्र मिळकत आहे. अशा मिळकतीला १९५६ च्या अधिनियमाचे कलम ८ लागू होते. त्यानुसार नैसर्गिक पालकाला न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय अज्ञानाची स्थावर मिळकत विकता, गहाण ठेवता, बक्षीस देता किंवा अदलाबदल करता येत नाही. ५ वर्षांहून अधिक मुदतीचा किंवा मूल सज्ञान झाल्यानंतर १ वर्षापलीकडे जाणारा भाडेपट्टाही करता येत नाही. परवानगी केवळ गरज असेल किंवा मुलाचा उघड फायदा असेल तरच मिळते. वडिलांचे कर्ज फेडणे किंवा त्यांच्या धंद्यात भांडवल घालणे ही मुलाची गरज होत नाही. मिळकत एकत्र कुटुंबाची आणि अविभक्त असती, तर उत्तर वेगळे आले असते, कारण एकत्र कुटुंबातील अज्ञानाच्या अविभक्त हिश्शाला हे कलम लागू होत नाही, असे श्री नारायण बाल विरुद्ध श्रीधर सुतार या १९९६ च्या निकालात ठरले आहे. तेथे कर्त्याचे, म्हणजे कुटुंबप्रमुखाचे, अधिकार आणि कुटुंबाची कायदेशीर गरज यांचा विचार होतो. म्हणून बक्षीसपत्राची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून आजच मागवा आणि ती वकिलाला शब्दन् शब्द वाचायला द्या.

सातबारा उताऱ्यावर मुलांच्या नावापुढे ‘अ.पा.क. वडील’ अशी नोंद असेल. अज्ञान पालनकर्ता अशा अर्थाची ती महसुली नोंद आहे. तिच्यामुळे वडिलांना मालकी मिळत नाही, तसेच विक्रीचा अधिकारही मिळत नाही. खरेदीदार मात्र ती पाहून निर्धास्त होतात आणि पुढे फसतात. परवानगीविना झालेली विक्री मुळातून शून्य नसते. ती मुलाच्या इच्छेनुसार रद्द करून घेण्याजोगी असते. हा फरक फार मोलाचा आहे, कारण तशी विक्री झालीच तर ती रद्द करून घेण्यासाठी मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद ६० प्रमाणे मूल सज्ञान झाल्यापासून ३ वर्षांत दावा करावा लागतो. मुदत गेली की साधारणपणे जमीनही गेली. मुलगी आधी सज्ञान होईल, तेव्हा धाकटा मोठा होईपर्यंत थांबणे धोक्याचे ठरेल. सर्वांत उत्तम म्हणजे तोवर वाट पाहूच नये. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२ नुसार अज्ञानाच्या वतीने हितसंबंध विरुद्ध नसलेली कोणतीही सज्ञान, सुबुद्ध व्यक्ती ‘वादमित्र’ म्हणून दावा करू शकते, आणि आईने तो करणे स्वाभाविकच आहे. मनाई हुकमाचा दावा, त्यासोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज, दावा प्रलंबित असल्याच्या नोटिशीची नोंदणी आणि संभाव्य खरेदीदारांना सावध करणारी वर्तमानपत्रातील जाहीर नोटीस, एवढी पावले एकापाठोपाठ उचलावीत. पती परवानगीसाठी जिल्हा न्यायालयात गेले असतील तर तेथे हजर होऊन हरकत घ्या. या दाव्यात पुढे तडजोड झाली, तरी मुलांच्या वतीने होणाऱ्या तडजोडीला न्यायालयाची स्पष्ट अनुमती लागते. ती नसेल तर मुलांना ती तडजोड नाकारता येते.

तडजोडीचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक इशारा देतो. घटस्फोटाच्या वेळी ‘ताबा आईकडे, त्याबदल्यात मुलांची पोटगी मागणार नाही’ असे लिहून देण्याचा आग्रह फार वेळा धरला जातो आणि थकलेल्या माता सही करतात. मुलांची पोटगी हा मुलांचा हक्क आहे. आई तो सोडून देऊ शकत नाही, आणि असे कलम मुलांना बांधून ठेवत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, जे १ जुलै २०२४ पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ होते, मुलासाठी पोटगीचा अर्ज आजही करता येईल. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालाने दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देणे आवश्यक केले आहे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी असे सांगितले आहे. म्हणजे अर्जाला होणारा प्रत्येक महिन्याचा उशीर मुलाच्या पदरचे पैसे कमी करतो.

मुलांच्या पैशांविषयी थोडक्यात सांगतो. मुलाच्या नावे बँकेत खाते उघडताना आई पालक म्हणून सही करू शकते. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ च्या सूचनांनुसार, १० वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना बँकेने ठरवलेल्या मर्यादेत स्वतःचे बचत खाते स्वतः चालवू देता येते, म्हणून मुलीचे खाते तिच्या एकटीच्या सहीवर असू शकते. कोणी मुलांकडून किंवा त्यांच्या नावाने करारनाम्यावर सह्या घेतल्या असतील, तर हे लक्षात ठेवा की अज्ञानाने केलेला करार शून्य असतो, हे मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९०३ साली ठरवले आणि तोच कायदा आजही चालतो. मोठे झाल्यावर ‘मी तो करार मान्य करतो’ असे म्हणूनही त्याला जीव येत नाही.

आपल्या बाबतीत मी कामांचा क्रम असा ठेवीन: या आठवड्यात बक्षीसपत्राची प्रत, ताजा सातबारा आणि फेरफार उतारे मिळवून जमिनीच्या मनाईचा दावा, त्याच्या पाठोपाठ मुलगी राहते त्या जिल्ह्यात ताब्याचा आणि अंतरिम भेटीचा अर्ज, आणि आपल्या जिल्ह्यात मुलासाठी पोटगीचा अर्ज. मुलाची शाळाप्रवेशाची, लसीकरणाची आणि दवाखान्याची कागदपत्रे तारखेनुसार लावून ठेवा. मुलीला केलेले फोन आणि पाठवलेले संदेश पुसू नका, आणि त्यांना उत्तर आले नसेल तर त्याचीही तारखेसह नोंद ठेवा. वकिलांची फी परवडत नसेल तर स्त्रिया आणि मुले यांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात साधा अर्ज द्यावा लागतो.